फोन आला, "काका, एक व्हिडिओ करा" म्हणाले



सोमवारी दुपारी द्राक्षाच्या बोदात शेणखत भरत होतो. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, मजूर दोनच मिळालेत, आणि तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचा मुलगा होता, बोलायला एकदम गोड. "काका, तुमचं पेज आम्ही सगळे वाचतो. तुम्ही फार खरं लिहिता." असं कौतुक कुणी सुरू केलं की मी आधी खिसा चाचपतो.

दहा मिनिटांनी मुद्दा बाहेर आला. हा मुलगा जनसंपर्काचं काम करणाऱ्या संस्थेत आहे. आमच्या भागातल्या एका कारखान्याचं काम त्यांनी घेतलंय. कारखान्यानं डिस्टिलरीच्या पाण्यासाठी नवीन यंत्रणा बसवलीय, ती मी बघायला जावं, दोन मिनिटांचा व्हिडिओ करावा आणि या पेजवर टाकावा. "तुमच्यासारख्या शेतकऱ्यानं सांगितलं की लोकांना पटतं, काका." मानधन मिळेल म्हणाला. पैसे नको असतील तर एकराचा ठिबक संच देऊ म्हणाला.

मी म्हटलं, आठवड्यानं सांगतो. ते उत्तर आज इथंच लिहितोय. फोनवर दिलेलं उत्तर फोनमध्येच राहतं.

आधी मागची गोष्ट सांगतो, म्हणजे नवीन वाचणाऱ्यांना कळेल.

दोन वर्षांपूर्वी मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि सकाळी आमचा ओढा काळा झाला. चहाची पावडर उकळून ओतावी तसा रंग, वर फेस, आणि वास असा की जनावर पाण्याला तोंड लावेना. दुपारपर्यंत मासे तरंगायला लागले. ओढ्याकाठच्या दोन विहिरींचं पाणी तांबडं झालं. त्यातली एक माझ्या चुलतभावाची. मळीचं पाणी आमच्याकडं कुणाला नवीन नाही. मळीपासून एक लिटर स्पिरिट काढायचं तर मागं दहा-बारा लिटर असं पाणी उरतं. ते साठवून, जिरवून, आटवून संपवायला खर्च येतो, आणि पावसाच्या पुरात सोडून द्यायला काहीच लागत नाही. ओढ्यात गेलं की ते कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेतं, मासा गुदमरून मरतो.

आम्ही पंचवीस-तीस जण एकत्र आलो. प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज दिला, तहसीलला निवेदन दिलं, गेटवर बसलो. त्यानंतर समोरून जे झालं ते क्रमानं लिहितो. त्या वेळी मला ते सुटं सुटं वाटत होतं. त्याला क्रम होता, हे आत्ता कळतंय.

पहिले पंधरा दिवस कुणी आमच्याशी बोललंच नाही. दम संपेल आणि उठतील, हा हिशेब.

मग पत्रक निघालं: आमच्या आवारातले नमुने स्वच्छ आहेत. आवारातले असतीलही. मासे मेले ते ओढ्यात.

मग कुजबुज सुरू झाली. ओढा खराब झाला तो गावाच्या गटारीनं आणि शेतकऱ्यांच्या खता-औषधांनी. आणि हे आंदोलन करणारे कोण? एक पडलेला उमेदवार, एक खंडणीवाला, बाकीचे रिकामटेकडे. मी यातला कोण ते मला अजून कळलेलं नाही.

मग एक अधिकारी आला. तिशीचा पोरगा, शेतकऱ्याच्या घरातला. घरोघर गेला, आमच्या आईच्या पाया पडला. मला म्हणाला, "काका, तुमचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे, पण गेटवर बसून काय होणार?" महिन्याभरात आमच्यातल्या एकाचे दोन ट्रॅक्टर कारखान्याच्या वाहतुकीला लागले. एकाचा मुलगा कामाला लागला. शाळेला दप्तरं आली, गावात शुद्ध पाण्याचं मशीन बसलं, फीत कापायला सरपंचांना बोलावलं. दिवाळीपर्यंत गेटवर पाच जण उरलो, आणि मग तेही उठलो. विहीर अजून तांबडीच आहे.

मी तेव्हा म्हणायचो, आपलीच माणसं विकली गेली. माझी पुतणी पुण्यात जनसंपर्काचा कोर्स करते. गणपतीला आली होती. तिला हे सगळं सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "काका, हे नशीब नव्हे, ही पद्धत आहे. आम्हाला शिकवताना हे येतं." आणि तिनं मला एक गोष्ट सांगितली.

अमेरिकेत रोनाल्ड डचिन नावाचा गृहस्थ होता. आंदोलनांचा त्रास होणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सल्ला द्यायचा, तोच त्यांच्या संस्थेचा धंदा. १९९१ साली त्यानं एक भाषण केलं, आणि कुणापुढं? तिथल्या गोमांसासाठी जनावरं पाळणाऱ्या पशुपालकांच्या संघटनेपुढं. म्हणजे ऐकणारे आपल्यासारखेच, जनावरं आणि रान सांभाळणारे. त्यानं सांगितलं की आंदोलक चार प्रकारचे असतात.

एक जहाल. यांना व्यवस्थाच बदलायची असते, त्यांच्याशी तडजोड होत नाही.
दुसरे संधिसाधू. यांना नाव, पद किंवा फायदा हवा असतो.
तिसरे भाबडे म्हणा, तत्त्वाचे म्हणा. यांना खरंच वाईट वाटलेलं असतं, आणि लोकांचा विश्वास यांच्यावरच असतो.
चौथे व्यवहारी. यांना वाटतं, सगळं मिळणार नाही, निम्मं तरी घ्यावं.

मग उपाय काय? तत्त्वाच्या माणसाला पटवून द्यायचं की तुझ्या हट्टानं दुसऱ्या गरिबांचं नुकसान होतंय. त्याला ते लागतं, आणि तो व्यवहारी होतो. व्यवहारी माणसाबरोबर बसून तोडगा काढायचा. संधिसाधूला तोडग्यात थोडं श्रेय द्यायचं. एवढं झालं की जहाल एकटा पडतो, आणि एकट्याचं कोण ऐकतो?

मंडळी, हे ऐकताना माझ्या हातातला मोदक हातातच राहिला. आमच्या पंचवीस-तीस जणांना मी एकेका खुंटीला बांधून बघितलं. ट्रॅक्टरवाला कुठल्या खुंटीला, नोकरीवाला कुठल्या, सगळे बरोबर बसले. आणि मी तिसऱ्या. मला तो पोरगा म्हणाला होता, "काका, डिस्टिलरी बंद पडली तर कारखाना उसाला दर कुठून देणार? तुमच्याच गावातली अडीचशे घरं त्या उसावर आहेत." मला खरंच वाईट वाटलं होतं. मी तेव्हापासून बोलायचा कमी झालो, हे आज कबूल करतो.

म्हणून माझ्या चुलतभावाला माझं सांगणं आहे: आपली माणसं विकली गेली, असं सरसकट म्हणू नको. ज्याला कर्जाचा हप्ता आहे त्यानं ट्रॅक्टर लावला. समोर शिकून आलेली माणसं होती, आपण अर्ज लिहायलाही दुसऱ्याकडं गेलो होतो.

असं फक्त आमच्याकडंच झालं असंही नाही. केरळात पालक्काड जिल्ह्यात प्लाचिमडा गाव आहे. तिथं २००० साली कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. थोड्याच दिवसांत विहिरींचं पाणी खाली गेलं, उरलं ते पिण्यालायक राहिलं नाही. एप्रिल २००२ मध्ये आदिवासी बाया गेटसमोर बसल्या. त्यांच्यात मयिलम्मा पुढं होत्या. कंपनीचं म्हणणं, पाणी कमी झालं ते पाऊस कमी पडल्यामुळं. आता आपल्या कामाची गोष्ट: कारखान्यातला गाळ तिथल्या शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जायचा. २००३ साली बीबीसी रेडिओच्या लोकांनी तो गाळ तपासून घेतला, तर त्यात कॅडमियम आणि शिसं निघालं. पंचायतीनं परवाना नाकारला, मार्च २००४ मध्ये कारखाना बंद झाला. पुढं राज्य सरकारच्या समितीनं नुकसान २१६ कोटींचं धरलं. त्यासाठीचं विधेयक विधानसभेनं मंजूर केलं, पण राष्ट्रपतींची मंजुरी काही मिळाली नाही. कारखाना बंद झाला, भरपाई अडकली. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याच २००३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं सांगितलं की थंड पेयांच्या बारा ब्रँडमध्ये कीटकनाशकाचे अंश सापडले. एरवी एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या कोक आणि पेप्सी त्या वेळी एका टेबलाला बसल्या, एकत्र पत्रकार परिषद घेतली आणि संस्थेच्या प्रयोगशाळेवरच बोट ठेवलं. पेप्सी कोर्टात गेली. मग संसदेची संयुक्त समिती नेमली, अध्यक्ष आपले शरद पवार. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीनं अहवाल दिला की संस्थेचं म्हणणं बरोबर आहे. २००६ साली संस्थेनं पुन्हा तपासलं, पुन्हा अंश सापडले. तेव्हा आमिर खान जाहिरातीत आला, कारखाना बघून आला आणि लोकांना निर्धास्त राहा म्हणाला.

माझा राग त्यातल्या एका वाक्यावर आहे. कंपन्यांचा सूर असा होता की चहा, भाजी, फळं, दूध यात तर याहून जास्त औषध असतं, आमच्या बाटलीत ते फार थोडं आहे. म्हणजे बाण फिरला आणि आपल्या छाताडावर आला. बाटली त्यांची, नफा त्यांचा, आणि दोषी कोण, तर फवारणारा शेतकरी. आमच्या ओढ्याच्या वेळी "शेतकऱ्यांच्या खता-औषधांनी" असं म्हणाले, तेव्हा मला याची आठवण व्हायला हवी होती.

(मधे एक गंमत. २००४ साली छत्तीसगड आणि आंध्रातल्या काही शेतकऱ्यांनी कपाशीवर आणि भातावर कोला फवारल्याच्या बातम्या आल्या होत्या. औषधापेक्षा स्वस्त पडतं म्हणून. साखरेच्या पाण्यानं मुंग्या येतात आणि अळ्या खातात, असं जाणकार म्हणाले. आपला माणूस कशातून काय काढेल सांगता येत नाही.)

आता थांबा. एवढं लिहून मी सुटलो असं नाही. पुतणीनं मला आरसाही दाखवला.

ती म्हणाली, "काका, २०१० ला तुम्ही द्राक्षवाल्यांनी काय केलं होतं?"

द्राक्षवाल्यांना आठवत असेल. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. आपण ज्याला सीसीसी म्हणतो, वाढ रोखायला वापरायचो ते. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, निर्यातदार बुडाले, आपल्या बिलांचे तुकडे पडले. तेव्हा आपण पारावर बसून काय बोलत होतो? "सगळेच वापरतात." "त्यांनी मुद्दाम काढलंय, भाव पाडायला." "आमची पोरं तीच द्राक्षं खातात, काय झालं त्यांना?" गप्प राहणं, नाकारणं, दुसऱ्याकडं बोट दाखवणं, तीनही केलं. आपल्याला कुणी पगारी अधिकारी लागला नाही, आपण फुकटात तेच केलं.

पण नंतर काय केलं? सीसीसी सोडलं. औषधाची नोंदवही कडक झाली, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते पाळायला लागलो, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय माल हलेना. पुन्हा गिऱ्हाईक आलं ते आपण गोड बोललो म्हणून नाही. घडात औषध राहिलं नाही म्हणून आलं.

चॉकलेटचंही असंच झालं. ऑक्टोबर २००३ मध्ये आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्या. कंपनी आधी म्हणाली, दुकानदार नीट ठेवत नाही. पण दोन-तीन महिन्यांत त्यांनी वेष्टनच बदललं, जास्त घट्ट केलं, दुकानदारांना साठवण शिकवली, आणि त्याबरोबर अमिताभ बच्चन आणले. नट दोन्हीकडं होते. फरक एवढाच बघायचा की नटाच्या मागं वस्तू बदलली का.

पुतणी आपल्या धंद्याची बाजू घेऊन बोलते, आणि तिचंही ऐकण्यासारखं आहे. तिच्या अभ्यासात ग्रुनिग आणि हंट या दोघांचं १९८४ चं पुस्तक आहे. त्यात जनसंपर्काचे चार प्रकार सांगितलेत. सगळ्यात खालचा म्हणजे नुसता डांगोरा. सगळ्यात वरचा असा की बाहेरच्या लोकांचं म्हणणं आत नेऊन मालकाला पण बदलायला लावायचं. दोन्हीकडून थोडं थोडं सरकायचं. ती म्हणते, "काका, चांगला जनसंपर्कवाला कंपनीत एकटाच असतो जो साहेबांना सांगू शकतो की लोक खोटं बोलत नाहीत. त्याला शिव्या दिल्या तर तो दारही बंद होतं."

मला हे पटलं. बैल हाकताना नुसता कासरा ओढून चालत नाही, बैल का अडला ते बघावं लागतं, खांदा सोललाय का, खूर दुखतोय का. फक्त माझा प्रश्न तिला असा आहे: ज्याचा पगार मालक देतो, तो मालकाचा खांदा चुकतोय असं किती वेळा सांगेल? ती म्हणाली, बाहेरून जोर असेल तेवढ्या वेळा. म्हणजे शेवटी गेटवर बसणाऱ्यांमुळंच आतल्या चांगल्या माणसाला तोंड उघडता येतं. आम्ही उठलो तेव्हा त्या शेतकऱ्याच्या पोराचंही आतलं वजन गेलं असणार. खरंच गेलं. चार महिन्यांत त्याची बदली झाली.

तर आता माझं उत्तर, पुण्याच्या त्या मुलाला.

बाळा, तू माझं पेज वाचतोस, तर हेही वाचशील. यंत्रणा बघायला मी येतो. मानधन नको, ठिबक नको. येताना माझ्याबरोबर चुलतभाऊ आणि गावातले तिघे येतील, ते तीन मी निवडीन.

नमुना आमच्यासमोर भरायचा, दोन बाटल्यांत. दोन्हीवर दोघांच्या सह्या आणि सील. एक प्रदूषण मंडळाकडं, एक आम्ही सांगू त्या प्रयोगशाळेत. तारीख तुमची चालेल, पण दुसरा नमुना पुढच्या पहिल्या पावसाच्या दिवशी, आणि तो ओढ्यातला. उन्हाळ्यात आवारातलं पाणी सगळ्यांचंच स्वच्छ असतं.

साठवण तळी किती भरलीत ते मला बघू द्यायचं. गळीत हंगाम संपताना तळं काठोकाठ असेल, तर पावसात ते पाणी कुठं जाणार हे सांगायला मला कुठलं पुस्तक लागत नाही.

आणि दोन विहिरी उपसून, गाळ काढून, पाणी तपासून द्यायच्या. हे आधी. दप्तरं मिळाली, त्याबद्दल आभार, पण दप्तरानं विहीर साफ होत नाही.

एवढं झालं तर मी जे दिसेल ते दाखवीन. पाणी स्वच्छ असेल तर स्वच्छ म्हणेन, मोठ्यानं म्हणेन. त्या पाण्यात पालाश असतं, नीट प्रक्रिया करून शेतात वापरता येतं, हेही सांगेन, कारण ते खरं आहे. घाण असेल तर घाण म्हणेन. व्हिडिओ कापून तुमच्याकडून तपासून घेणार नाही.

हे लिहिताना हात थोडा थांबतोय. कारण सांगतो. माझा दोन एकर ऊस त्याच कारखान्याला जातो. दसऱ्यानंतर बॉयलर पेटतील. तोडीची चिठ्ठी त्यांच्या हातात, टोळी त्यांच्या हातात. पंधरा दिवस तोड लांबली की वजन घटतं आणि गव्हाचा पेरा हुकतो. बायको काल म्हणाली, "तुम्हीच कशाला?" तिला उत्तर देता आलं नाही. म्हणून आजच लिहून ठेवतो की माझ्या उसाची लागण कधीची आणि पाळी किती तारखेला येते. लागण गेल्या वर्षी १२ जुलैची, वाण ८६०३२, पाळी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोड वेळेवर आली तर इथंच आभार मानीन. नाही आली तर तेही लिहीन.

आणि गेटवरच्या त्या पाच जणांना, आणि जे आधी उठले त्यांनाही: रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात बसू. कोण कुठल्या खुंटीला होता हा विषय काढायचा नाही. ट्रॅक्टरवाल्यानंही यावं. त्याची जनावरंही त्याच ओढ्यावर पाणी पितात. या वेळी अर्ज आपल्या हातानं लिहायचा, आणि जे काही ठरेल ते सगळ्यांसमोर ठरेल, कुणाच्या ओसरीवर एकट्या-दुकट्यात नाही. फोन आला तर तो स्पीकरवर घ्यायचा.

तुमच्या गावात असं झालं असेल तर कसं निस्तरलंत ते खाली लिहा. कारखान्यात किंवा कंपनीत हेच काम करणारा कुणी वाचत असेल तर त्यानंही लिहावं, शिव्या कुणी देणार नाही, माझा शब्द.

छाटणीचं टिपण परवा टाकतो. पेस्टचं प्रमाण बऱ्याच जणांनी विचारलंय, ते त्यात येईल.

राम राम.